खुणेकडून आजाराकडे: ओरल पॅथॉलॉजी नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

पुस्तकातलं प्रकरण आजाराच्या नावाने सुरू होतं. आधी ॲडिसनचा आजार, मग त्याची तोंडातली लक्षणं. ओपीडीतल्या खुर्चीवर मात्र पेशंट दुसऱ्या टोकाने येतो. त्याची जीभ झोंबत असते, हिरडीतून रक्त येत असतं किंवा गालाच्या आत तपकिरी डाग असतो, आणि आजाराचं नाव तुम्हाला शोधायचं असतं. त्यामुळे पाठांतर पक्कं असूनही पहिल्या पोस्टिंगला बरेच जण अडखळतात. हा विषय खुणेकडून आजाराकडे असा शिकला तरच तो हाताशी राहतो. शिवाय हातात स्केलर किंवा ब्लेड घ्यायच्या आधी कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणती रक्ततपासणी सांगायची, हेही त्यातून कळतं. कधीकधी पेशंटचा जीव त्यावरच अवलंबून असतो.

पायरी १: तोंड बघायच्या आधी विचारा

नेहमीचे प्रश्न तर आहेतच: कधीपासून, पहिल्यांदाच की परत परत, दुखतं का, वाढतंय का. त्याला जोडून तोंडाबाहेरचं विचारायला विसरू नका. डोळे लाल होतात का, त्वचेवर काही उठतं का, गुप्तांगावर जखमा होतात का, गिळायला त्रास होतो का, जुलाब आहेत का, वजन उतरलंय का, रात्री घाम येतो का. बेहशेटच्या आजारात तोंडातले अल्सर साध्या ॲप्थस अल्सरसारखेच दिसतात. गुप्तांगावरच्या जखमा आणि डोळ्यांतला युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतली सूज) विचारल्याशिवाय समोर येत नाही, आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

औषधांचा प्रश्न एका वाक्यात विचारला की उत्तर बहुतेक वेळा ‘काही नाही’ असंच येतं. तो तोडून विचारा: बीपीची गोळी? शुगरची? फिटची? सांध्यांची? दम्याचा पंप? हाडांसाठी इंजेक्शन? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. हाडांच्या ठिसूळपणासाठी डेनोसुमॅब सहा महिन्यांतून एकदा आणि झोलेड्रॉनिक ॲसिड वर्षातून एकदा देतात, त्यामुळे पेशंट ते ‘चालू औषध’ म्हणून धरतच नाही. हे न विचारता दात काढला आणि जबड्याचं हाड उघडं पडून आठ आठवड्यांहून अधिक तसंच राहिलं, तर ते औषधामुळे झालेलं ऑस्टिओनेक्रोसिस (हाड मरणं) असू शकतं. त्याचप्रमाणे मेथोट्रेक्सेट सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं की तोंडभर जखमा होतात आणि बोनमॅरोही दबतो. अशा पेशंटला जेल देऊन घरी पाठवणं धोक्याचं आहे. त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण मोजणी) करा आणि फिजिशियनला फोन करा.

तंबाखू, सुपारी, दारू यांचं प्रमाण, वर्षं आणि तोंडात कोणत्या बाजूला ठेवतात हे आकड्यांसह लिहा. ‘हॅबिट: पॉझिटिव्ह’ या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही.

पायरी २: क्रम ठरवा आणि तो मोडू नका

डेन्चर काढायला सांगा, दोन माउथ मिरर, गॉझ आणि चांगला प्रकाश घ्या. आधी बाहेरून चेहरा, पॅरोटिड (कानासमोरची लाळग्रंथी) आणि मानेतल्या लिम्फ नोड्स. मग ओठ, ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, रेट्रोमोलर भाग (शेवटच्या दाढेमागचा), हिरड्या, जिभेची वरची बाजू, दोन्ही कडा, खालची बाजू, फ्लोअर ऑफ माउथ (जिभेखालचा तळ), कडक टाळू, मऊ टाळू आणि घशाचा दिसतो तेवढा भाग. जिभेचं टोक गॉझमध्ये धरून एका बाजूला ओढल्याशिवाय मागची कड दिसत नाही, आणि कॅन्सर लपून बसण्याची ही फार नेहमीची जागा आहे. फ्लोअर ऑफ माउथ नुसतं बघून भागत नाही. एक बोट आत आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली ठेवून चाचपून बघा.

इथे सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे पहिली खूण सापडली की नजर तिथेच थांबते. खालच्या दाढेजवळ गळू दिसलं म्हणून टाळूवरचा लाल-जांभळा डाग राहून जातो. तो डाग कापोसी सार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कॅन्सर) असू शकतो. त्यामुळे काहीही सापडलं तरी क्रम पूर्ण करा.

पायरी ३: नाव देऊ नका, वर्णन करा

सपाट असेल तर मॅक्यूल. ५ मिमीपर्यंतचा उंचवटा पॅप्यूल, त्याहून मोठा आणि घट्ट असेल तर नोड्यूल. पाण्याने भरलेला ५ मिमीपर्यंतचा फोड व्हेसिकल, त्याहून मोठा बुला. एपिथेलियम (वरचा पेशींचा थर) वरवर गेलं असेल तर इरोजन, पूर्ण जाडीने गेलं असेल तर अल्सर. माप पेरिओ प्रोबने मिमीमध्ये घ्या, अंदाजाने लिहू नका.

नोंद अशी हवी: ‘जिभेच्या डाव्या कडेला, ३६-३७ च्या समोर, १२ × ८ मिमीचा एकच अल्सर, कडा उचललेल्या, तळ दाणेदार, चाचपल्यावर खालचा भाग कडक, दुखत नाही.’ हे वाचणाऱ्या सर्जनला पेशंट न बघताही घाई कळते. ‘नॉन-हीलिंग अल्सर’ एवढंच लिहिलं तर कळत नाही.

तीन सोप्या चाचण्या खुर्चीवरच होतात. पांढरा थर गॉझने पुसून बघा. पुसला जाऊन खाली लाल पृष्ठभाग दिसला तर बहुधा कॅन्डिडा (बुरशी). न पुसला गेला तर ल्युकोप्लाकिया, लायकेन प्लॅनस वगैरेंचा विचार करा. गाल ताणून बघा. ताणल्यावर पांढुरकेपणा नाहीसा झाला तर ते ल्युकोएडेमा, त्याला उपचार लागत नाही. लाल-निळ्या डागावर काचेची स्लाइड दाबा. फिकट पडला तर रक्त नळीच्या आत आहे. पडला नाही तर ते बाहेर साकळलेलं आहे, म्हणजे पेटेकिया किंवा पर्प्युरा, आणि प्लेटलेट्स बघायची वेळ आली.

अल्सरबाबत दोन आठवड्यांचा नियम पाळा. टोचणारा दात किंवा डेन्चरची कड घासा, दोन आठवड्यांनी बोलवा. तेवढ्यात स्पष्टपणे बरा होत नसेल तर बायोप्सी. पण वर लिहिलेल्यासारखा कडक तळाचा अल्सर असेल तर दोन आठवडे थांबायचीही गरज नाही.

पायरी ४: खूण धरून मागे जा

*गुळगुळीत, झोंबणारी जीभ.* पॅपिली गेल्या आहेत, जीभ लाल किंवा फिकट आहे, ओठांचे कोपरे फाटलेत. आधी सीबीसी बघा आणि त्यात एमसीव्हीवर (लाल पेशीच्या सरासरी आकारावर) नजर टाका. ८० फेमटोलिटरच्या खाली असेल तर लोहाची कमतरता पहिली, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) सांगा. १०० च्या वर असेल तर बी१२ आणि फोलेट. दोन्ही कमतरता एकत्र असल्या की एमसीव्ही सरासरीत नॉर्मल येतो आणि फसवतो. बी१२ कमी असताना हिमोग्लोबिन अजून घसरलेलं नसलं, तरी जीभ आधीच बोलू लागलेली असू शकते. मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे विशेष बघा. आणि एक कधीही करू नका: बी१२ न तपासता नुसतं फोलिक ॲसिड देणं. त्याने रक्त सुधारतं, पण मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं.

लोहाच्या कमतरतेसोबत गिळायला त्रास असेल तर प्लमर-विन्सन सिंड्रोम मनात हवा. अन्ननलिकेत पडदे येतात आणि घशाच्या खालच्या भागात कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून एंडोस्कोपीसाठी पाठवा.

*सुजलेली, रक्त येणारी हिरडी.* या खुणेपाशी नवशिक्याने सर्वात जास्त थांबावं. बहुतेक वेळा कारण प्लाकच (दातांवरचा जंतूंचा थर) असतं, त्यामुळे हात आपोआप स्केलरकडे जातो. त्याआधी स्वतःला विचारा: एवढी सूज, एवढं रक्त समजावं इतका प्लाक इथे आहे का? नसेल तर थांबा. सूज फुगीर, मऊ, जांभळट आहे. हात न लावता रक्त येतंय. टाळूवर बारीक लाल ठिपके आहेत. पेशंट पांढरा पडलाय आणि ताप येतो. हे चित्र ल्युकेमियाचं (रक्ताच्या कॅन्सरचं) असू शकतं. हिरडीत पेशी शिरून सूज येण्याचं प्रमाण ॲक्युट मोनोसायटिक आणि मायलोमोनोसायटिक प्रकारांत सर्वाधिक. जिथे दात नाहीत तिथली हिरडी सहसा सुजत नाही, हा बारकावा उपयोगी पडतो.

अशा वेळी सीबीसीसोबत डिफरन्शियल काउंट आणि पेरिफेरल स्मिअर नावाने मागा. नुसता टोटल काउंट पुरेसा नाही, कारण ल्युकेमियातही तो नॉर्मल किंवा कमी येऊ शकतो. ब्लास्ट (अपरिपक्व) पेशी स्मिअरमध्ये दिसतात. प्लेटलेट्सचा नेहमीचा पल्ला दीड ते साडेचार लाख. ५०,००० च्या खाली असतील तर फिजिशियनशी बोलल्याशिवाय एक्स्ट्रॅक्शन नाही, बायोप्सी नाही, खोल स्केलिंगही नाही. ही तपासणी आधी न केल्याने होणारं नुकसान दुहेरी असतं: रक्त थांबत नाही, आणि न्यूट्रोफिल्स कमी असल्याने संसर्ग रक्तात पसरतो.

फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन किंवा निफेडिपिन, अम्लोडिपिनसारख्या औषधांनी वाढलेली हिरडी वेगळी असते. ती दातांमधल्या पॅपिलापासून सुरू होते, घट्ट आणि गुलाबी असते. औषध बदलायचा निर्णय मूळ डॉक्टरचा, तुमचा नाही. फिटची गोळी तुमच्या सल्ल्याने अचानक बंद झाली तर पेशंटला झटके येतील. लाल, दाणेदार, पटकन रक्त येणारी ‘स्ट्रॉबेरी’ हिरडी दिसली तर ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजाइटिसची (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) शंका घ्या. एएनसीए (रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) आणि लघवीची तपासणी लगेच, कारण किडनी धोक्यात असते.

वारंवार होणारे एकाहून अधिक पेरिओडाँटल ॲबसेस, कोरडं तोंड, न भरणारी सॉकेट: शुगर बघा. एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.५ टक्के किंवा अधिक, अथवा उपाशीपोटी ग्लुकोज १२६ मिग्रॅ/डेसिलिटर किंवा अधिक म्हणजे मधुमेहाची पातळी. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. लाल पेशींचं आयुष्य कमी करणारा आजार असेल तर एचबीए१सी खोटा कमी येतो. अनियंत्रित मधुमेहाच्या पेशंटच्या टाळूवर काळा पडलेला भाग, चेहऱ्यावर सूज, नाक बंद हे एकत्र दिसलं तर म्युकरमायकोसिस (‘काळी बुरशी’) समजून त्याच तासाला हॉस्पिटलमध्ये पाठवा.

*पांढरं.* तरुण, एरवी धडधाकट माणसाच्या तोंडात पुसला जाणारा कॅन्डिडाचा थर असेल आणि अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड पंपाची हिस्टरी नसेल, तर बुरशीचं औषध देऊन विषय संपत नाही. शुगर आणि, समुपदेशन करून व संमती घेऊन, एचआयव्ही तपासायला हवं. जिभेच्या कडेला उभ्या सुरकुत्यांचा, न पुसला जाणारा पांढरा पट्टा म्हणजे हेअरी ल्युकोप्लाकिया. त्यामागे एपस्टाइन-बार व्हायरस असतो आणि तो प्रतिकारशक्ती घटल्याचं सांगतो. दोन्ही गालांवर जाळीदार पांढऱ्या रेषा म्हणजे बहुधा लायकेन प्लॅनस. तिथे हिपॅटायटिस सी विचारात घ्या. रेषा एकाच बाजूला आणि नेमक्या जुन्या अमाल्गमला चिकटून असतील तर आधी ते फिलिंग बदलून बघा. पांढऱ्यापेक्षा लालाला जास्त घाबरा: मखमली लाल एरिथ्रोप्लाकियात बायोप्सी केल्यावर बहुतांश वेळा तीव्र डिस्प्लेजिया (कॅन्सरपूर्व पेशीबदल) किंवा कॅन्सरच निघतो.

*तपकिरी डाग.* निसर्गतः असलेला रंग दोन्ही बाजूंना सारखा आणि वर्षानुवर्षं तसाच असतो. नव्याने आलेला, पसरत जाणारा रंग, त्यासोबत थकवा, कमी बीपी, वजन घटणं, खारट खावंसं वाटणं: ॲडिसन (ॲड्रिनल ग्रंथी कमी पडण्याचा आजार). थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये वर्णन केलेला हा आजार आजही अनेकदा तोंडातून पहिल्यांदा कळतो. सकाळचं कॉर्टिसॉल आणि एसीटीएच (ही हार्मोन्स) मागा, आणि निदान होईपर्यंत एक्स्ट्रॅक्शन पुढे ढकला. ताण आला तर ॲड्रिनल क्रायसिस होऊ शकतो. ओठांभोवती बारीक ठिपके लहानपणापासून असतील तर पोट दुखतं का ते विचारा. प्यूट्झ-येगर्समध्ये आतड्यात पॉलिप असतात.

*एक्स-रेत दिसणाऱ्या खुणा.* तरुण पेशंटला एकाहून अधिक ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट असतील तर गॉर्लिन हा आनुवंशिक सिंड्रोम. अनेक ऑस्टिओमा (हाडाच्या साध्या गाठी) आणि जादा दात असतील तर गार्डनर सिंड्रोम. इथे कोलोनोस्कोपी टाळता येत नाही, कारण आतड्यातल्या पॉलिपचा कॅन्सर होणं जवळजवळ अटळ असतं. दाताचं कारण न सापडता हनुवटी बधिर झाली असेल तर दुसरीकडचा कॅन्सर जबड्यात उतरल्याची शंका आधी घ्या.

पायरी ५: बायोप्सी, आणि ती वाया का जाते

कॅन्सरची शंका असेल तर गाठ पूर्ण काढू नका, तुकडाच घ्या. पूर्ण काढली तर पुढच्या सर्जनला कड कुठे होती ते कळत नाही. तुकडा मेलेल्या मधल्या भागातून नको. कडेचा, थोडा निरोगी भाग धरून आणि पुरेसा खोल घ्या. भूल थेट गाठीत टोचू नका, टिश्यू फुगून स्लाइड बिघडते. दातेरी फोर्सेप्सने चिमटलं की पेशी चिरडतात. तुकडा सपाट कागदावर ठेवून मग १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाका, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात. निळसर, ठोके लागणाऱ्या गाठीवर ब्लेड लावू नका, ती रक्तवाहिन्यांची असू शकते; आधी सुईने ओढून बघा.

फोड येणाऱ्या आजारांत नियम वेगळा आहे आणि इथेच सर्वाधिक नमुने फुकट जातात. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये डेस्मोग्लीन ३ (पेशींना जोडणारं प्रथिन) विरुद्ध अँटिबॉडी तयार होऊन पेशींची एकमेकींवरची पकड सुटते. उघड्या जखमेतून तुकडा घेतला तर त्यात एपिथेलियमच नसतं, मग पॅथॉलॉजिस्ट काय बघणार? जखमेशेजारचा, निरोगी दिसणारा म्युकोसा घ्या, आणि दोन तुकडे घ्या. एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (टिश्यूतल्या अँटिबॉडी चमकवून दाखवणारी तपासणी) मिशेल्स मीडियम या द्रवात. दुसरा चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला तर ती तपासणी संपली. मिशेल्स नसेल आणि २४ तासांच्या आत लॅबला पोचणार असेल तर नॉर्मल सलाइन चालतं. पंच फिरवताना एपिथेलियम सुटून येतं, म्हणून धारदार ब्लेड बरं.

पायरी ६: स्लाइड आणि रिपोर्ट वाचताना

सुरुवात ४एक्सनेच करा. थेट ४०एक्सवर गेलं की एकेक पेशी दिसते आणि चित्र हरवतं. फोडाच्या स्लाइडवर एकच प्रश्न आधी: फट कुठे आहे? बेसल पेशी खाली चिकटून राहून वर फट असेल तर पेम्फिगस. फ्लुरोसन्समध्ये पेशींभोवती जाळीसारखा आयजीजी दिसतो. संपूर्ण एपिथेलियम वर उचललं गेलं असेल तर पेम्फिगॉइड. बेसमेंट मेंब्रेनवर सरळ रेष उजळते. पेम्फिगॉइड ठरला की त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा, पेशंटची तक्रार नसली तरी.

रिपोर्टमधलं प्रत्येक नाव अंतिम निदान नसतं. याचं सर्वात बोलकं उदाहरण म्हणजे ‘जायंट सेल लिजन’. जबड्यातला सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा आणि हायपरपॅराथायरॉइडिझमचा ब्राउन ट्यूमर मायक्रोस्कोपखाली वेगळे ओळखता येत नाहीत. फरक रक्तात असतो. कॅल्शियम जास्त, फॉस्फरस कमी, पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) जास्त असेल तर पॅराथायरॉइड ग्रंथीतच बिघाड आहे. कॅल्शियम कमी किंवा नॉर्मल, फॉस्फरस जास्त, पीटीएच जास्त असेल तर किडनीकडे बघा. एक्स-रेत दातांभोवतीचा लॅमिना ड्युरा (हाडाची पांढरी रेघ) नाहीसा झालेला असू शकतो. हे न तपासता जबडा खरवडला तर पेशंटला नको ती शस्त्रक्रिया होते आणि गाठ परत येते. मूळ आजार बरा केला की ती बहुधा आपोआप आटते.

‘ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन’चंही तसंच. पोलराइज्ड लाइटखाली बाहेरचा कण आहे का ते बघायला सांगा, झील-नील्सन (क्षयाच्या जंतूंसाठी) आणि पीएएस (बुरशीसाठी) स्टेन मागा. क्षयाचे जंतू स्टेनमध्ये न सापडणं म्हणजे क्षय नाही असं नव्हे, छातीचा एक्स-रे लागतोच. केसिएशन (मधला भाग चीजसारखा मरणं) नसेल तर क्रोन्स आणि सार्कॉइडोसिस यादीत येतात.

पायरी ७: फिजिशियनला चिठ्ठी

‘फिटनेस द्यावा’ या दोन शब्दांना उत्तरही दोन शब्दांचंच येतं. चिठ्ठीत चार गोष्टी घाला: तोंडात काय दिसलं, त्यावरून शंका काय, कोणते रिपोर्ट जोडलेत, आणि नेमका प्रश्न काय. उदाहरणार्थ: ‘प्लाकच्या मानाने जास्त असलेली, मऊ, आपोआप रक्त येणारी हिरडीची सूज, टाळूवर पेटेकिया, तीन आठवड्यांपासून ताप. सीबीसी व स्मिअर सोबत जोडले आहेत. रक्ताच्या आजाराची शंका आहे, कृपया आजच तपासावे. दातांचे उपचार थांबवले आहेत; प्लेटलेट्स व न्यूट्रोफिल्सच्या कोणत्या पातळीला दोन दात काढणे सुरक्षित राहील ते कळवावे.’ चिठ्ठीची प्रत फाइलला लावा, पेशंटचा फोन नंबर त्यावरच लिहा, आणि घाईच्या केसमध्ये दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून तो तिथे पोचला का ते विचारा.